सोलापूर मागे पडलं ते भाषांमुळे नव्हे

सोलापूर मागे का पडलं, हा प्रश्न आमच्या शहरात कायमचा मुक्कामाला आहे. पुणे कुठल्या कुठे गेलं, नाशिक पुढे गेलं, आपली पोरं मात्र शिकून झालं की पुण्याची गाडी धरतात. मग आपलं चुकलं काय? या प्रश्नाला अलीकडे एक आयतं उत्तर मिळू लागलं आहे. सोलापूर एका भाषेचं, एका विचाराचं शहर नाही म्हणे. इथे तेलुगू आहेत, कानडी आहेत, उर्दू बोलणारे आहेत, गुजराती-मारवाडी आहेत. प्रत्येक समाजाचा पुढारी वेगळा, प्रत्येकाची संस्था वेगळी, त्यामुळे शहर म्हणून कुणी तोंड उघडतच नाही. याला उत्तर देणारेही तितकंच घोटून ठेवलेलं वाक्य म्हणतात: सोलापूर म्हणजे छोटा भारत, विविधता हीच आपली श्रीमंती. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात आणि पहिलं तर घातक वाटतं. सोलापूरची बहुभाषिकता पोटापाण्याच्या कामाने घडवली. ते काम सरकारी धोरणाने आणि भांडवलाने पाय काढता घेतल्याने मोडलं. काम मोडल्यावर माणसं आपापल्या समाजाच्या आसऱ्याला गेली. आज आपण या शेवटच्या पायरीलाच पहिलं कारण समजून बसलो आहोत, आणि म्हणून आपल्या मागण्याही चुकीच्या दारात जातात.

भाषांची सरमिसळ इथे किती जुनी आहे ते आधी पाहू. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना जिथे मिळतात, त्या हत्तरसंग-कुडलच्या मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. आपल्या भाषेच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते आणि सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांच्या चिकाटीमुळे तो जगापुढे आला. ज्या गावांना आपण सीमेवरची, कानडी वळणाची म्हणून बाजूला काढतो, तिथेच मराठीचा हा एवढा जुना पुरावा सापडावा, यावर जरा थांबून विचार करायला हवा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांनी, वचनं लिहिली ती कन्नडमध्ये, आणि ते ग्रामदैवत झाले ते आज बहुसंख्येने मराठी बोलणाऱ्या शहराचे. परंपरा सांगते की त्यांनी लोकांना हाताशी घेऊन आधी तळं खोदलं. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत वेगवेगळ्या समाजांच्या मानाचे सात नंदीध्वज ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. पुढे सोलापूरचा किल्ला निजामशाही आणि आदिलशाहीच्या ओढाताणीत सापडला, चांदबिबीच्या लग्नात आंदण म्हणूनही दिला गेला. राज्याच्या सीमा इथल्या माणसांच्या डोक्यावरून इतक्यांदा सरकल्या आहेत की कुठल्याही एका सीमेला कायमची मानून इतिहास सांगू लागलं तर अर्धं शहर त्या इतिहासातून गळून पडतं.

पण आजचं सोलापूर खऱ्या अर्थाने उभं राहिलं ते एकोणिसाव्या शतकात. निजामाच्या मुलुखातून तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर इथे येत होतेच. १८६० मध्ये मुंबईहून रेल्वे आली आणि कापूस, सूत, कापड यांची ने-आण सोपी झाली. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनने जीवघेणा दुष्काळ पाहिला, आणि त्याच दुष्काळात, १८७७ मध्ये, मोरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी सुरू झाली. तीच आपली जुनी मिल. एकीकडे शिवार करपलेलं, दुसरीकडे रोज भोंगा वाजवून माणसं बोलावणारी गिरणी. तेलंगणातून, विजापूरकडून, मराठवाड्यातून, माणदेशातून माणसं आली ती सोलापूरच्या सलोख्याची ख्याती ऐकून आली नाहीत, मजुरीसाठी आली. त्यांच्यामागून दुकानदार आले, सावकार आले, खानावळी आल्या. नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या वाढत गेल्या आणि प्रत्येक गिरणीच्या फाटकाशी चार भाषा एकत्र येऊ लागल्या.

या एकत्र येण्याला फार सोवळं रूप द्यायचं कारण नाही. याच शहरात इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमाती' म्हणून शिक्का मारलेल्या लोकांना काटेरी तारेच्या आत कोंडलं, हजेरी लावून बाहेर सोडलं आणि गिरण्यांना मजूर म्हणून पुरवलं. त्या वस्तीला आजही सेटलमेंट म्हणतात. देशभरातल्या या जमातींवरचा शिक्का पुसला गेला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. विविधतेचं कौतुक करणाऱ्या भाषणांत ही तार कधी दिसत नाही. ज्यांना छोटा भारत हवा आहे त्यांनी तो तारेसकट स्वीकारायला हवा, कारण कोण कुठल्या खात्यात काम करणार, कोण साच्यावर उभा राहणार आणि कोण झाडू मारणार, हे जातीवरूनही ठरत होतं.

तरीही एका पाळीत, एका छपराखाली उभं राहण्याचा परिणाम होतोच. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि हे गिरणगाव पेटून उठलं. काही दिवस इंग्रजांचा अंमल इथे नावालाही उरला नव्हता; शेवटी १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारावा लागला. त्या उठावासाठी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी गेले ते चौघे म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. लिंगायत, मुसलमान, मराठी, मारवाडी. आपण दरवर्षी या नावांना हार घालतो आणि हे एकीचं प्रतीक आहे म्हणतो. मला विचारावंसं वाटतं, हे चौघे एकत्र आले कसे? कुणी तरी सलोख्याचं व्याख्यान दिलं म्हणून? ते एकत्र आले कारण शहरातल्या हजारो माणसांचा रोजचा मालक एक होता, रोजचं फाटक एक होतं आणि त्यांच्यावर लाठी चालवणारं सरकारही एकच होतं. प्रतीक बनण्याआधी त्यांच्यामागे एक संघटित, पगारी, फाटकापाशी भेटणारं शहर होतं.

आता मी ज्या प्रसंगाकडे मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो, त्याची आठवण सोलापुरातही फार कमी निघते. २७ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या मिलच्या व्यवस्थापनाने गिरणीला टाळं लावलं. हजारो कामगार रस्त्यावर आले. त्या वेळी दिल्लीच्या सरकारने काय केलं? ९ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे प्रजासत्ताक होण्याच्या १७ दिवस आधी, केवळ या एका गिरणीसाठी वटहुकूम काढला आणि तिचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. पुढे संसदेने त्याचा कायदा केला. चिरंजीतलाल चौधरी या भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. एका कंपनीसाठी वेगळा कायदा करणं म्हणजे समानतेचा भंग, असा त्याचा युक्तिवाद होता. डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो फेटाळला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकावा लागतो. प्रकरण तिथे संपलं नाही. १९५३ मध्ये द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात न्यायालयाने तोच कायदा मालमत्तेच्या हक्काविरुद्ध ठरवला, आणि अशा निकालांना उत्तर म्हणून १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती झाली. सार्वजनिक हितासाठी किंवा मालमत्तेच्या योग्य व्यवस्थापनासाठी मर्यादित काळ व्यवस्थापन ताब्यात घेण्याची वाट त्या दुरुस्तीने मोकळी केली.

थोडक्यात, सोलापूरची एक गिरणी बंद पडली तर देशाची राज्यघटना बदलण्यापर्यंत गोष्ट गेली होती. तेव्हाही सोलापुरात चार भाषाच बोलल्या जात होत्या. तेव्हाही तेलुगू विणकर, कानडी व्यापारी, उर्दू बोलणारे बागवान आणि मोमीन होतेच. मग तेव्हा शहराचा आवाज दिल्लीपर्यंत कसा पोचला? जुनी मिल साठच्या दशकात कायमची बंद पडली, हे खरं. पण निदान आधी राज्यसंस्था तिच्यासाठी झगडली. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू बंद पडली, त्यानंतर काही वर्षांत नरसिंग गिरजीचाही आवाज थांबला. त्या वेळी कुठलाही वटहुकूम निघाला नाही. भाषा त्याच होत्या. बदललं होतं ते सरकारचं धोरण. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणापासून एकात्म, म्हणजे सूत आणि कापड एकाच छपराखाली काढणाऱ्या, गिरण्यांना जगवणं हे सरकारने आपलं काम मानणं सोडलं होतं. यंत्रमागावर विणलेलं कापड स्वस्त पडत होतं, जुन्या यंत्रांत पैसा घालायला मालक तयार नव्हते आणि गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची ठरू लागली होती.

आता समोरच्यांचे मुद्दे. ते पोकळ नाहीत. इथे तिकिटं समाज बघून दिली जातात, हे कोण नाकारेल? पूर्व भागात उमेदवार तेलुगू हवा, अमुक प्रभागात लिंगायत हवा, तमुक ठिकाणी मुसलमान, ही गणितं प्रत्येक पक्ष मांडतो. विद्यापीठ २००४ मध्ये झालं आणि पुढची कित्येक वर्षं चर्चा अभ्यासक्रमांपेक्षा नावाची होत राहिली. सिद्धेश्वरांचं नाव द्यायचं की अहिल्यादेवींचं, यावर मोर्चे निघाले. २०१९ मध्ये अहिल्यादेवींचं नाव लागलं. विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडायची की नाही, हा तांत्रिक प्रश्न होता, पण जून २०२३ मध्ये ती पडेपर्यंत त्यातही समाजाचा अभिमान आणि अपमान शिरला होता. आणखी एक गोष्ट मला जास्त टोचते. यंत्रमागाचा मालक आणि कामगार पुष्कळदा एकाच समाजाचे, एकाच पाहुण्यारावळ्यातले असतात. आपलाच माणूस आहे, सांभाळून घेईल, या भरवशावर भविष्यनिर्वाह निधीचा हक्क वर्षानुवर्षं भिजत पडतो. समाजबंधन हे कमी मजुरीचं हत्यार होऊ शकतं, हे मी मान्य करतो. बहुभाषिक शहर आपोआप न्यायी असतं, असा माझा दावा नाही.

पण यातून विविधतेने शहर मागे पडलं, हे सिद्ध होत नाही. तसं असतं तर एकच बोली बोलणारी गावं तरली असती. अमळनेरला अहिराणीचा मुलूख आहे. प्रताप मिल तरीही बंद पडली. जळगावची खानदेश मिल बंद पडली. उलट सुरतेकडे पाहा. तिथल्या यंत्रमागांवर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून गेलेली माणसं उभी आहेत, मालक गुजराती आहेत, आणि सुरत वाढतच आहे. इचलकरंजीही कर्नाटकाच्या उंबऱ्यावरच आहे. कापडाच्या शहरांचं बरंवाईट भांडवल कुठे गुंतलं, वीज किती दराने मिळाली, बाजार कुणी धरला यावर ठरलं. सोलापूरची चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, पण नुसत्या मानांकनाच्या चिठ्ठीने बाजारात नकली चादर थांबत नाही. हा प्रश्न भाषेचा आहे का?

नेतृत्व नव्हतं, हेही टिकत नाही. या शहराने राज्याला मुख्यमंत्री दिला आणि देशाला गृहमंत्री दिला. फताटेवाडीला १,३२० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आला. पण वीजकेंद्र गिरणीइतके हात मागत नाही. मोठे प्रकल्प आणणं आणि शहराला काम देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही गल्लत केवळ सोलापूरने केलेली नाही.

गिरण्या गेल्यावर काय झालं ते पूर्व भागातल्या कुठल्याही बोळात दुपारी उभं राहिलं तरी दिसतं. उंबऱ्यात बसलेल्या बाईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं आणि कात्री. ती घरातल्या मुलीशी तेलुगूत बोलते, कारखान्यातल्या मुनिमाशी मराठीत. मजुरी हजार विड्यांवर, आणि तपासणारा खराब म्हणून काढेल त्या विड्या तिच्या हिशेबातून वजा. पलीकडच्या खोलीत मागाचा खडखडाट चालू. गिरणीत जाणारा नवरा ज्या फाटकाशी कानडी, मुसलमान, मराठी कामगारांना रोज भेटत होता, तसं फाटक या बाईला नाही. तिचं काम घरात आहे आणि घर आपल्याच समाजाच्या गल्लीत आहे. मग अडीनडीला ती कुणाकडे जाणार? समाजाच्या पंचांकडे, समाजाच्या पतपेढीकडे, समाजाच्या नगरसेवकाकडे. ज्याला आपण गटबाजी म्हणून नाक मुरडतो, ती अनेकदा आधाराची शेवटची जागा असते. तिच्याकडून ती काढून घ्यायची असेल तर दुसरी जागा आधी द्यावी लागेल.

आणि तशी जागा मिळाली की ही माणसं एकत्र येतात, याचा धडधडीत पुरावा शहराबाहेर कुंभारीला उभा आहे. नरसय्या आडम यांच्या लाल बावट्याच्या संघटनेने विडी कामगार स्त्रियांना जमवलं आणि गोदूताई परुळेकरांच्या नावाने १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. नंतर रे नगरची ३०,००० घरांची योजना आली. त्यातल्या १५,००० घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. आडम मास्तरांच्या पक्षाशी कुणाचं पटो न पटो, वर्षानुवर्षं मोर्चात चालणाऱ्या बायकांनी तेलुगू, मराठी, उर्दू अशा तीन-तीन भाषांतल्या घोषणा दिल्या आणि त्यांना घरं मिळाली. भाषा आड आली नाही, कारण मागणी एक होती.

सीमाप्रश्नातही आपण हीच चूक करतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सोलापूर आणि अक्कलकोटवर हक्क सांगितला. आपल्याकडून लगेच प्रत्युत्तरं गेली, आणि जायलाच हवी होती. पण त्याच सुमारास अक्कलकोट तालुक्यातल्या काही गावांनी आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या, असे ठराव केले, तेव्हा आपण काय ऐकलं? आपण फितुरी ऐकली. त्या गावांचं म्हणणं मात्र रस्ता, पाणी, वीज असं होतं. सांगलीतल्या जतच्या गावांनी तर आधीपासून पाण्यासाठीच हा इशारा दिला होता. कानडी घरात बोलणारा अक्कलकोटचा शेतकरी महाराष्ट्रात आहे तो मराठी माणूस किती मोठ्याने ओरडतो यामुळे राहणार नाही. त्याच्या गावाला जाणारा रस्ता आणि त्याच्या शिवारात पोचणारं पाणी महाराष्ट्राने दिलं तर त्याला दुसरीकडे बघायचं कारण उरत नाही. आपल्याच बार्शीचे शाहीर अमर शेख, जन्माने मेहबूब पटेल, संयुक्त महाराष्ट्रासाठी डफावर थाप मारत गावोगाव फिरले. त्यांनी मागितलेला महाराष्ट्र कष्टकऱ्यांचा होता.

मराठीच्या काळजीचा मुद्दा राहतो, आणि तो मी हलका मानत नाही. मी मराठीत विचार करतो, मराठीत लिहितो, आणि २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी लादण्याचे शासननिर्णय निघाले तेव्हा मीही संतापलो होतो. जूनअखेर ते मागे घ्यावे लागले याचा मला आनंद झाला. पण ज्या युक्तिवादाने आपण सरकारला अडवलं, तोच सोलापुरातल्या तेलुगू आणि कानडी पोरांना लागू होतो की नाही? लहान मुलाने आधी घरच्या भाषेत शिकावं, हे आपणच सांगत होतो. इथे महापालिकेच्या मराठीबरोबर उर्दू, तेलुगू, कन्नड माध्यमाच्या शाळा चालत आल्या आहेत. त्या ओस पडल्या की मुलं मराठी शाळेत येतात, असं कुणाला वाटत असेल तर त्याने पूर्व भागात सकाळी शाळेच्या वेळेला उभं राहून बघावं. पोरं कोपऱ्यावरच्या इंग्रजी शाळेच्या रिक्षात बसतात. तेलुगू शाळा गेली, मराठीही गेली. तेलुगू शाळेत मराठी शिकवणारा चांगला शिक्षक नेमणं हे मराठीचंच काम आहे, आणि ते कुठल्याही पाटीवरच्या अक्षरांच्या मापापेक्षा मोठं काम आहे.

म्हणून सोलापूरच्या चर्चेत आपण काय विचारतो हे बदललं पाहिजे. उमेदवार कुठल्या समाजाचा, हे विचारून झालं असेल तर त्याला पुढे विचारू: बंद गिरण्यांच्या जमिनींवर काय उभं राहणार आणि त्यात किती हातांना काम मिळणार? मागावरच्या कामगाराची नोंद कुठल्या रजिस्टरात आहे, त्याचा निधी कोण भरतो? उजनी धरण जिल्ह्यात असूनही शहराच्या नळाला काही काही दिवसांआड पाणी का येतं? विडीचा धंदा आकसतोय, त्या बायकांना दुसरं कुठलं काम शिकवणार आणि ते घराबाहेर, चार समाजांच्या बायका एकत्र बसतील अशा ठिकाणी असेल का? हे प्रश्न तेलुगूत विचारले काय, कानडीत विचारले काय, उर्दूत किंवा मराठीत विचारले काय, उत्तर देणारे महापालिकेत आणि मंत्रालयातच बसलेले आहेत, आणि १९५० मध्ये त्यांच्या जागी बसलेल्यांना एका गिरणीसाठी वटहुकूम काढता आला होता.